सरांचा हात

मीरा आणि अनय,

परवा फोनवर मीराने विचारलं, "आजी, सकाळी चहाआधी तू ती छोटी पांढरी गोळी घेतेस, ती कसली गं?" मी "रक्तदाबाची" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर मलाच ते उत्तर आवडलं नाही. गोळी का घेते ते त्यात आलं, गोळी काय करते ते आलं नाही. म्हणून नीट लिहिते.

आपण दंड फुगवून दाखवतो तो स्नायू आपलं ऐकतो. आतड्याचा आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा स्नायू आपलं ऐकत नाही. तो स्वतःच्या मर्जीने आवळतो, स्वतःच्या मर्जीने सैल होतो. आवळायला त्याला कॅल्शियम लागतं. हाडांतलं, दुधातलं तेच कॅल्शियम, फक्त इथे ते पाण्यात विरघळलेलं, भारित कणांच्या म्हणजे आयनांच्या रूपात असतं. पेशीच्या बाहेर ते थांबलेलं असतं. दार उघडलं की आत शिरतं, आणि आत शिरलं की स्नायू आवळतो. माझी गोळी ती दारं थोडी लोटून धरते. कॅल्शियम कमी शिरतं, रक्तवाहिन्या सैल राहतात आणि आजी ठीक असते. घोटे जरा सुजतात, पण ते मी डॉक्टरांना सांगितलं आहे.

इथे पत्र संपायला हवं. पण कॅल्शियमबद्दल दोन ओळी लिहिल्या की मला एक माणूस आठवतो, आणि आठवला की इतक्या वर्षांनीसुद्धा माझं डोकं तापतं. तेव्हा त्याच्याबद्दलही लिहून टाकते. तुमच्या बाबांना यातलं फारसं माहीत नाही, ते तेव्हा शाळेत होते.

ऐंशीच्या दशकात मी मुलुंडच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात शिकवत होते. आम्ही तेव्हा घाटकोपरला राहत होतो. सर आमच्या विभागाचे प्रमुख होते. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना मुलं-नातवंडं असतील, आणि ती कदाचित चांगली असतील.

सरांचा पांढरा कोट ते प्रयोगशाळेत घालत नसत, काजळी लागेल म्हणून. बाहेर घालत. बाजारात ते कोट घालून दुधी निवडायचे. भाजीवाली "डॉक्टरसाहेब" म्हणाली की खूश होऊन दुधीला आणखी दोन नखं रुतवायचे आणि तो परत ठेवून द्यायचे. कोट घालून ते बँकेत जात, कोट घालून लग्नांना जात. एका लग्नात वधूच्या मामाला चक्कर आली तेव्हा सगळे सरांकडे धावले. सर म्हणाले, "मी माणसं बघत नाही, मी आतडी बघतो." हे ते स्वतःच आम्हाला अभिमानाने सांगत.

त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, आवळणारी आणि सोडणारी. प्राचार्य आवळणारे. कँटीनवाला सोडणारा. मी रसायनं मागवायच्या चिठ्ठ्या वेळेवर मागते म्हणून मी आवळणारी. "बाई, तुम्ही फार आवळता," ते चारचौघांत म्हणत आणि स्वतःच हसत. ते स्वतः कोण, असं मी एकदा विचारलं. "मी? मी औषध," ते म्हणाले.

हिंगाचं तर विचारूच नका. हिंग खाल्लेल्या माणसाचा श्वास आतड्याला कळतो आणि ते बिघडतं, असा त्यांचा सिद्धान्त होता. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ते दारात उभे राहून मुलांचे श्वास हुंगत. "वरण खाल्लंस?" "हो सर." "बाहेर." गुजराती मुलं तर जवळजवळ रोज बाहेर असत. कोणाचाही प्रयोग फसला की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "हिंग कुणी खाल्लं?" सिद्धान्ताला आधार काय, हे कुणी विचारायचं नाही. आधार सरांचं नाक.

आता प्रयोग म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका काचेच्या नळीत शरीराइतकं कोमट मीठपाणी घ्यायचं. त्यात गिनीपिगच्या आतड्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा टांगायचा. खालचं टोक पक्कं बांधायचं, वरच्या टोकाला दोरा, दोऱ्याला एक हलकी दांडी. दांडीचं टोक एका फिरत्या ड्रमवरच्या कागदाला टेकलेलं. तो कागद आधी रॉकेलच्या धुरावर धरून काळा केलेला. नळीत औषधाचा थेंब टाकला की आतडं आवळतं, दांडी उचलली जाते आणि काजळीत पांढरी रेघ उमटते. मग स्वच्छ मीठपाण्याने आतडं धुवायचं की ते सैल होतं, रेघ खाली येते. शेवटी कागद रोगणात बुडवून वाळत घालायचा. काजळीचा वास माझ्या साड्यांना कायम असे. आजोबा म्हणत, बायको कॉलेजात जाते की इंजिनावर.

सर हे काम करताना आतड्याशी बोलत. "चल राजा, उठ. लाजू नकोस, घरचीच माणसं आहेत." रेघ वर गेली की ते आमच्याकडे बघत, जणू त्यांनीच आतून ढकलली. आणि मग ते वाक्य यायचं, जे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल देव जाणे: "सायन्स पुस्तकात नसतं बाई, हातात असतं. हात!" आणि ते हात वर करून दाखवत. हात साधाच होता. नखांत काजळी होती.

त्यांच्या खुर्चीच्या मागे भिंतीवर एक फ्रेम होती. तीत त्यांच्या एका प्रयोगाचा काळा कागद. डावीकडे रेघेच्या उंच उंच लाटा, मग बाण, बाणानंतर लाटा लहान लहान होत जाऊन शेवटी सपाट. खाली टंकलेली चिठ्ठी: "वनस्पतीच्या अर्काचा आतड्यावरील परिणाम. स्वहस्ते." बाण म्हणजे जिथे त्यांनी पानाचा अर्क टाकला ती जागा. हे पान त्यांच्या गावाकडचं, देवरुखच्या बाजूचं. त्यांच्या घरी पोटात मुरडा आला की त्याचा काढा देत. पानाचं नाव ते कुणालाच सांगत नसत, सुकवून चुरा केलेलंच आणत. "नाव सांगितलं की उद्या कंपन्यावाले डोंगर बोडका करतील." त्यांचं म्हणणं होतं की हे पान आतड्याला असं सैल करतं की धुतलं तरी परिणाम जात नाही. "इतर औषधं धुतली की जातात. माझं पान जात नाही. बस, यातच सगळं आलं." खंडेनवमीला आम्ही सगळ्या ड्रमना झेंडू वाहत असू. सर फ्रेमला हार घालत.

त्यांच्या आणखी एका सवयीचं मला तेव्हा फक्त हसू यायचं. वर्गासाठी लागणारं मीठपाणी मी करत असे. एम.फार्म.ची मुलं आपापलं करत. सरांचं मीठपाणी मात्र सर स्वतःच करत, तेसुद्धा खोलीत पडद्यामागे. "हात कुणी पाहिला की हात जातो," म्हणत. पडद्यामागून ते बाहेर येत तेव्हा हातात मोठी बाटली असे. ती उजेडाकडे धरून म्हणत, "काचेसारखं! आहे कुणाकडे असं?" बाटलीवर "सर" असं लिहिलेलं होतं. तिला कुणी हात लावायचा नाही.

अशा माणसाच्या हाताखाली हिल्डा आली.

हिल्डा कांजूरच्या गावठाणातली. घरात सगळे मराठीच बोलणारे, रविवारी चर्चला जाणारे, मागच्या अंगणात अजून थोडा भात लावणारे. तिचे वडील माहुलच्या एका तेलकारखान्यात फिटर होते आणि त्याच वर्षी निवृत्त होणार होते. हिल्डा हुशार होती, मोठ्याने हसणारी होती आणि हात धुतल्याशिवाय काचेला हात न लावणारी होती. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधकंपनीने तिला प्रयोगशाळेत घ्यायचं कबूल केलं होतं, पण एम.फार्म. हातात आलं तरच, आणि पावसाळ्यापर्यंतच ते थांबणार होते. पदवीसाठी प्रबंध द्यायचा. प्रबंधावर मार्गदर्शकाची सही लागते. मार्गदर्शक सर. म्हणजे तिची नोकरी सरांच्या पेनाच्या टोकावर होती.

सरांनी तिला विषय दिला: पान. त्यांच्या शोधाला दुजोरा द्यायचा, एवढंच काम. हिल्डाने महिनोन्‌महिने ते केलं. अर्क टाकला की दर वेळी आतडं काही झालंच नाही असं वागे.

"काय करू मॅडम," ती मला म्हणाली, "रेघ खाली यायचं नावच घेत नाही. पान टाकते, आतडं मस्त उड्या मारतंय. झकास. माझीच वाट लागलीये."

सरांकडे कागद नेले की सर कागद बघतच नसत. तिचे हात बघत. "कच्चा. कच्चा हात आहे तुझा. माझ्या हातून होतं, तुझ्या हातून होत नाही, मग दोष कुणाचा? पानाचा?"

"पण सर, इतक्या वेळा केलं..."

"इतक्या वेळा चुकलीस."

"मग सर, असंच लिहू का? परिणाम दिसला नाही म्हणून?"

"आणि त्याच्यावर सही कुणाची? माझी? माझ्या शोधाविरुद्ध माझीच सही? मला काय वेडा समजतेस?" मग आवाज खाली आणून, अगदी मायेने, "एक तरी बरी रेघ आण. एक पुरते. बाकीच्या रद्दीत जातात, त्या कुणी विचारत नाही."

हे मी शेजारच्या टेबलावर बसून ऐकलं. मुलांनो, कोण किती विचित्र आहे याचा मला राग नाही. दुधीला नखं लावा, हिंग हुंगा. पण पोरीला थाप मारायला शिकवणाऱ्या माणसाला मी विचित्र म्हणत नाही. त्याला माझ्याकडे दुसरा शब्द आहे, तो तुम्हाला लिहिणार नाही.

एप्रिल उजाडला. एक दिवस सगळे गेल्यावर हिल्डाने माझ्यासमोर तीन कागद ठेवले. तिन्हींवर हुबेहूब सरांच्या फ्रेमसारखी रेघ. लाटा, बाण, लहान लहान लाटा, सपाट.

"अगं, मग हे दिलेस का नाहीस? सही मिळाली असती."

ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. "मॅडम, कुणाला बोलू नका. त्या दिवशी माझं मीठपाणी संपलं होतं, आतडं टांगून झालेलं. सर रजेवर होते. मी त्यांच्या बाटलीतून घेतलं."

"बरं. मग?"

"मग काय, त्यांच्या पाण्यात होतं, माझ्या पाण्यात होत नाही. का ते मला माहीत नाही. माहीत नाही ते छापून कसं देऊ? अंधेरीला जाऊन मला आयुष्यभर हेच काम करायचंय ना? पहिल्याच कागदावर झोल करून जाऊ?"

मी तिला घरी पाठवलं आणि त्या तीन कागदांकडे बघत बसले. पान तेच. हात तोच, सरांच्या भाषेत कच्चा. बदललं काय होतं? फक्त पाणी. तेव्हा पाण्याकडेच जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पडद्यामागे असताना मी हजेरीपटावर सही हवी म्हणून सरळ आत गेले. ते चिडले, पण तोवर मी टेबल पाहिलं होतं. एका चंबूत ताकासारखं पांढरं काहीतरी होतं, आणि सर ते गाळणकागदातून गाळत होते. खाली बाटलीत थेंब थेंब उतरत होतं ते काचेसारखं स्वच्छ. कागदावर पांढरा गाळ.

"सर, हे दुधाळ का झालं?"

"होतं तसं. मळ असतो रसायनांत. म्हणून तर मी गाळतो. तुम्ही लोक गाळत नाही."

"आधी काय घातलंत?"

"कॅल्शियम. नेहमीच. कॅल्शियम म्हणजे प्रमुख पाहुणा, बाई. तो आधी बसवायचा, मग बाकीचे. जा आता, हात जाईल माझा."

मी गेले. जिन्यात उभी राहून एकटीच हसले, आणि मग हसू जाऊन तिथे राग आला.

तुम्हाला सांगते काय ते. मीठपाण्यात मीठ असतं, साखर असते, खाण्याचा सोडा असतो, आणखी एकदोन क्षार असतात आणि कॅल्शियम असतं. कॅल्शियम नेहमी शेवटी घालायचं, बाकी सगळं भरपूर पाण्यात विरघळल्यावर, हळूहळू, ढवळत. हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो. कारण थोड्या पाण्यात दाट असताना कॅल्शियम आणि सोडा भेटले की त्यांचा खडू होतो. फळ्यावर लिहितो तोच खडू, गिझरमध्ये पांढरा थर बसतो तोच. सर आधी कॅल्शियम दाट करून ठेवत, वर सोडा ओतत, खडू होई, आणि खडूला मळ समजून ते तो गाळून टाकत. खडू गेला म्हणजे कॅल्शियम गेलं. खाली उरे ते काचेसारखं स्वच्छ, जवळजवळ बिनकॅल्शियमचं पाणी.

अशा पाण्यात आतडं सुरुवातीला आवळतं, कारण त्याच्या अंगात थोडी शिल्लक असते. शिल्लक संपत जाते तशा लाटा लहान होतात आणि शेवटी रेघ सपाट. मधे कधीतरी सर पानाचा अर्क टाकत. मग धुवत, त्याच पाण्याने. अर्थात परिणाम धुतला जात नसे! जाणार कसा? पान बिचारं काही करतच नव्हतं. देवरुखच्या डोंगराला कसलाही धोका नव्हता.

त्या संध्याकाळी मी घाटकोपरला स्वयंपाकघरात कढईत साखर जाळत होते. आजोबा वासाने आले. "पुडिंग?"

"नाही," मी म्हटलं, "सर."

जळक्या साखरेचं पाणी अर्काच्या रंगाचंच होतं. दुसऱ्या दिवशी मी हिल्डाला सरांच्या पाण्याचं सगळं सांगितलं, आणि दोघींनी तपासून पाहिलं की चांगल्या मीठपाण्यात जळक्या साखरेने आतड्याला काहीच होत नाही. मी सरांकडे गेले आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "सर, पोरीच्या हातून होत नाही हे खरंच. तुम्हीच एकदा करून दाखवा. ती बघून शिकेल. मी दोन बाटल्या देते. एकीत तुमचं पान, दुसरीत नुसतं रंगाचं पाणी. कोणती कुठली ते सांगत नाही. तुमचा हात ओळखेल."

सर इतके खूश झाले की त्यांनी कोट काढून ठेवला. "बाई, ही काय परीक्षा झाली? झोपेत ओळखेन. पण त्या मुलीला बोलवा. आणि तिला सांगा, नीट बघ म्हणावं, असं परत दिसणार नाही."

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघे ड्रमपाशी उभे होतो. प्रबंध द्यायची मुदत सोमवारी संपत होती. हिल्डाच्या काखेत बांधून आणलेला प्रबंध होता, त्यात सहीचं पान कोरं. सरांनी आपली बाटली आणली, उजेडात धरून दाखवली, आतडं टांगलं. "चल राजा." ॲसिटिलकोलीन म्हणजे आतडं आवळवणारं औषध टाकलं. रेघ उंच गेली. धुतलं, पुन्हा टाकलं, पुन्हा वर गेली, जरा कमी. सरांचं तिकडे लक्ष नव्हतं, ते हिल्डाकडे बघत होते. मग त्यांनी पहिली बाटली उचलली, हुंगली आणि पिपेटने अर्क सोडला. काजळीत बाण काढला आणि पुन्हा आवळणारं औषध टाकलं.

लाट लहान झाली. मग आणखी लहान. मग सपाट.

"हे पान!" सर म्हणाले. "दुसरी बाटली बघायचीसुद्धा गरज नाही. आता धुतो." धुतलं. औषध टाकलं. रेघ हलली नाही. "बघ पोरी, बघ. धुतलं तरी जात नाही. याला म्हणतात हात."

मी बाटली उलटी करून बुडाला चिकटवलेली पट्टी त्यांच्यासमोर धरली. पट्टीवर लिहिलं होतं: साखर.

सरांनी पट्टी वाचली. बाटली माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचली. मग त्यांनी मान वर केली, आमच्या दोघींकडे पाहिलं, आणि काय म्हणाले असतील?

"हिंग कुणी खाल्लं?"

"सर, माझा उपास चालू आहे," हिल्डा म्हणाली. "लेंटचा, ईस्टरआधीच्या उपासांचा शुक्रवार. सकाळपासून पेज सोडून पोटात काही नाही."

"मग बाई तुम्ही?"

"मी एका जैन मुलीच्या डब्यातलं खाल्लं," मी म्हटलं, "त्यात आहे हिंग. तिला कॅल्शियम टाकू द्या, सर. माझा श्वास रोखून धरते."

ते काही बोलायच्या आत हिल्डाने आपल्या छोट्या बाटलीतून कॅल्शियमचे थेंब नळीत सोडले. एकही थेंब बाहेर पडला नाही. ती थांबली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, जपमाळेची प्रार्थना असेल, आणि मग आवळणारं औषध टाकलं.

ते मेलेलं आतडं उठलं. दांडी इतकी वर गेली की कागदाच्या वरच्या कडेला लागली. सर एक पाऊल मागे सरले.

"सर," हिल्डा म्हणाली, "तुमच्या पाण्यात कॅल्शियम नाही. तुम्ही आधी घालता, त्याचा खडू होतो, आणि तुम्ही तो गाळता. रेघ पानाने नाही, गाळल्याने झोपते. पाणी टाका, साखर टाका, काही टाकू नका, तशीच झोपते. मी सगळ्याचे कागद काढलेत. प्रबंधात आहेत."

मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. शरम येते का, हे मला पाहायचं होतं. एवढं एक बक्षीस मला हवं होतं. शरम आली नाही. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या, डोळे मोठे झाले, आणि तो माणूस हसायला लागला.

"म्हणजे मी कॅल्शियम काढून टाकतो!"

"हो, सर."

"सगळं!"

"जवळजवळ."

"अहो बाई, जगात सगळे आता कॅल्शियमच्या मागे लागलेत. कॅल्शियम अडवणारी औषधं येतायत. बिनकॅल्शियमचं पाणी करायची इतकी सोपी रीत आहे कुणाकडे? नुसतं उलट्या क्रमाने घालायचं आणि गाळायचं! आणि हे मी किती वर्षं करतोय! आण इकडे, आण, कुठे सही करायची?"

हिल्डाने प्रबंध पुढे केला, पण सोडला नाही. "सर, साखरेचा आणि साध्या पाण्याचा कागद आत राहणार. आणि पानाने काही होत नाही, हेही."

"राहू दे गं, राहू दे! पद्धत कळायला हवी ना लोकांना." त्यांनी तिथेच, ओल्या टेबलावर, सही केली. शाई जरा फाकली. मग पेनाला टोपण लावत ते म्हणाले, "बसला हं शेवटी तुझा हात."

मला वाटलं ती "थँक्यू सर" म्हणेल. सही मिळाली होती, अंधेरी मिळाली होती, आता गप्प राहणं शहाणपणाचं होतं. हिल्डाने प्रबंध छातीशी धरला आणि म्हणाली, "हात नाही सर. क्रम."

सरांनी ऐकलं नाही. ते आतड्याला शाबासकी देत होते.

हिल्डा पावसाळ्याआधी कामावर रुजू झाली. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती अंधेरीहून थेट आमच्या घरी आली, कंपनीने दिलेला पांढरा कोट पिशवीत घेऊन. "मॅडम, कोट आतच घालायचा असतो तिकडे," ती म्हणाली, "बाहेर घातला तर ओरडतात," आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तुमचे बाबा अभ्यास सोडून बघायला आले.

सरांनी त्या वर्षी एका परिसंवादात निबंध वाचला, बिनकॅल्शियमच्या पाण्याच्या "सुलभ पद्धती"वर. त्यात हिल्डाचं नाव नव्हतं, साखरेचा उल्लेख नव्हता. मी पहिल्या रांगेत बसले होते. कुणीतरी विचारलं, ही कल्पना सुचली कशी? सर म्हणाले, "निरीक्षण."

फ्रेम भिंतीवरच राहिली. तोच कागद, त्याच लाटा, तोच बाण. फक्त खालची चिठ्ठी बदलली: "कॅल्शियमच्या अभावाचा आतड्यावरील परिणाम. स्वहस्ते." बाण आता कशाचा, हे कुणी विचारलं नाही. खंडेनवमीला हार पडला.

पुढे ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी कोट घालून, शाल कोटावर घेऊन, फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून निघाले. मी फाटकापर्यंत गेले, कारण कुणीतरी रिक्षा थांबवायला हवी होती. रिक्षात चढताना वर्तमानपत्र एका बाजूने फाटलं आणि चिठ्ठी दिसली. ती पुन्हा बदललेली होती. पान गेलं होतं, कॅल्शियमही गेलं होतं. एकच शब्द टंकलेला होता: "स्वहस्ते."

रिक्षावाल्याने फ्रेम मागे टाकायला हात घातला तसे सर ओरडले, "अरे हळू रे, आतडं आहे!"

मी रिक्षा वळेपर्यंत उभी राहिले. त्या चिठ्ठीत खोडण्यासारखं मला काही सापडलं नाही. चूक खरंच त्यांनी स्वतःच्याच हाताने केली होती.

तुमची
आजी